राष्ट्रीय अभ्यासक्रम प्रत्येक मुलाच्या हाती: निष्पत्तीच्या वाक्यापासून प्रश्नपत्रिकेपर्यंत

'फुलाची आकृती काढून भागांना नावे देतो.' अभ्यासक्रमाच्या दस्तऐवजात अशा शेकडो ओळी असतात. मुलाला काय यायला हवे ते सांगणाऱ्या या ओळींना अध्ययन निष्पत्ती म्हणतात. हात थरथरणारी मुलगी, अंध मुलगा, शब्द ओळखायला वेळ लागणारे मूल या तिघांनाही फुलाचे भाग आणि त्यांची कामे नीट समजलेली असू शकतात, तरी या ओळीपाशी तिघेही अडतात. मग शिक्षक आपापल्या परीने वाट काढतात. कोणी आकृती माफ करतो, कोणी शेजारच्या मुलाची वही उतरवून घ्यायला सांगतो, कोणी तो घटकच सोडून देतो. तीन शाळांत तीन न्याय होतात. अभ्यासक्रम देशभराचा असेल तर ही वाट शिक्षकाच्या मर्जीवर सोडता येत नाही. ती अभ्यासक्रमातच आखून द्यावी लागते.

संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि त्यातल्या २४व्या कलमाने समावेशक शिक्षण हा हक्क ठरला. या हक्काचे काम बहुतेक ठिकाणी पाठ्यपुस्तकाच्या ब्रेल आवृत्तीपासून सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो. जी निष्पत्तीच डोळ्यांवर किंवा हातावर बेतलेली आहे, ती ब्रेलमध्ये उतरवून खुली होत नाही. म्हणून पहिले काम निष्पत्तीच्या वाक्यावर करायचे.

निष्पत्ती सोलून पाहा

प्रत्येक अध्ययन निष्पत्तीत दोन गोष्टी गुंफलेल्या असतात. मुलाला काय यायला हवे, हा तिचा गाभा. ते येते हे त्याने कसे दाखवायचे, ही तिची कृती. वाक्यातले क्रियापद अधोरेखित करा आणि विचारा: हे क्रियापद बदलले तर विषय तोच राहतो का? फुलाच्या बाबतीत राहतो. 'काढतो' ऐवजी 'फुलाचे भाग ओळखतो व त्यांची कामे स्पष्ट करतो' असे लिहिले की कोणी खरे फूल हातात घेऊन पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर बोटांनी वेगळे करून दाखवेल, कोणी तयार आकृतीवर चिठ्ठ्या चिकटवेल, कोणी बोलून सांगेल.

सगळीकडे हे इतके सरळ नसते. पहिलीत 'सोपा परिच्छेद वाचतो' या निष्पत्तीचा गाभा अक्षरांपासून शब्द उलगडणे हाच आहे. तिथे दुसऱ्याने परिच्छेद वाचून दाखवला तर मोजायचे तेच निघून जाते. सातवीच्या इतिहासात 'उतारा वाचून कारणे सांगतो' म्हटले की वाचन हे फक्त वाहन असते, गाभा कारणे शोधण्यात असतो. तिथे उतारा ऐकवला तरी काही बिघडत नाही. एकच सोय एका इयत्तेत योग्य आणि दुसरीत घातक ठरते. म्हणूनच 'अध्ययन अक्षम मुलांना सर्व प्रश्न वाचून दाखवावेत' असा सरसकट नियम करू नका. निष्पत्तीनिहाय लिहा.

भूमितीतली 'कंपासच्या साहाय्याने कोन दुभागतो' ही निष्पत्ती घ्या. इथे साधन वापरणे हा गाभा आहे की रचनेमागचे तत्त्व? अभ्यासक्रम समितीने हे ठरवून लेखी द्यायला हवे. तत्त्व हा गाभा मानला तर कागदाला घडी घालून दोन्ही भुजा एकमेकींवर आणणे चालते, किंवा मुलाने एकेक पायरी सांगायची आणि लेखनिकाने ती जशीच्या तशी काढायची, हेही चालते. ठरवले नाही तर दरवर्षी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हाच वाद होतो.

निष्पत्ती अशा तपासण्याच्या बैठकीला चौघे हवेत: विषयतज्ज्ञ, विशेष शिक्षक, त्या इयत्तेला शिकवणारा शिक्षक आणि स्वतः त्या अडथळ्यांतून शिकून मोठी झालेली दिव्यांग व्यक्ती. चौथी खुर्ची रिकामी ठेवू नका. एका बैठकीत पंधरा-वीस निष्पत्तींपलीकडे जाऊ नका. त्यापुढे लक्ष सुटते आणि प्रत्येक ओळीसमोर 'तोंडी चालेल' असा शेरा पडू लागतो.

सोय आणि बदल यांची गल्लत

ही गल्लत मुलाचे सर्वांत जास्त नुकसान करते, म्हणून इथे थोडे थांबू. मोठी अक्षरे, जादा वेळ, लेखनिक, चिन्हभाषेचा दुभाषी या सोयी आहेत. निष्पत्ती तीच राहते, तिथवर पोहोचायचा रस्ता बदलतो. तीन अंकी संख्यांच्या भागाकाराऐवजी एक अंकी संख्यांचा भागाकार ठेवणे हा बदल आहे. निष्पत्तीच वेगळी होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या काही मुलांना असा बदल खरोखर हवा असतो आणि तो देण्यात काहीही कमीपणा नाही. पण तो बदल आहे हे नोंदवहीत आणि पालकांशी बोलताना स्पष्ट सांगितले पाहिजे.

नेहमी घडते ते असे. तिसरीत एका बहिऱ्या मुलीला भाषेचा पेपर जड जातो म्हणून शिक्षक मायेपोटी धडे कमी करतात. चौथीत तेच, पाचवीत तेच. 'सवलत' या एकाच शब्दाखाली सगळे चाललेले असते. आठवीत कळते की तिने तीन इयत्तांचे व्याकरण पाहिलेलेच नाही आणि पुढच्या परीक्षेचे दार बंद होत आले आहे. तिला मुळात चिन्हभाषेतून समजावणे आणि लेखी भाषेचा वेगळा सराव हवा होता, म्हणजे सोय हवी होती. म्हणून नोंदीच्या तक्त्यात 'सोय' आणि 'बदल' असे दोन वेगळे रकाने ठेवा. 'बदल' या रकान्यात काही लिहिले की त्यापुढे कारण, पालकांची सही आणि पुन्हा तपासण्याची तारीख बंधनकारक करा. तारीख एका सत्रापेक्षा लांब नको.

निदानाचे नाव नको, अडथळा लिहा

'अल्पदृष्टी' एवढेच लिहून शाळेला काही कळत नाही. एका मुलाला अक्षरे धूसर दिसतात, त्याला ती मोठी करून द्यावी लागतात. दुसऱ्याचे दृष्टिक्षेत्र नळीसारखे अरुंद असते. त्याला अक्षरे मोठी केली तर एका नजरेत पूर्ण शब्दही मावत नाही, तो उलट नेहमीच्या आकारात बरा वाचतो. दोघांच्या प्रमाणपत्रावर शब्द मात्र एकच. त्यामुळे नोंद अशी करा: किती आकाराचे अक्षर, किती अंतरावरून, किती वेळ न थकता वाचता येते. बोलणे ऐकू येते का, आणि गोंगाटात येते का? पेन्सिल किती मिनिटे धरता येते? एकावेळी किती सूचना लक्षात राहतात? होकार-नकार कसा कळवतो?

मोठ्या प्रमाणावर माहिती गोळा करायची असेल तर दिव्यांगतेच्या आकडेवारीवर काम करणारा वॉशिंग्टन ग्रुप आणि युनिसेफ यांनी मिळून केलेला मुलांच्या कार्यक्षमतेचा प्रश्नसंच याच धर्तीचा आहे. तो आजाराचे नाव विचारत नाही, अमुक करताना किती अडचण येते ते विचारतो.

फाइल हेच खरे पुस्तक

छापील पुस्तक हे फाइलीचे एक रूप झाले. ब्रेल, मोठी अक्षरे, ध्वनिपुस्तक, पडद्यावर वाचायचे ई-पुस्तक (ई-पब) हे सारे त्याच फाइलीतून निघते. मूळ फाइल नीट नसेल तर प्रत्येक रूपाला वेगळी डागडुजी करावी लागते आणि एका आवृत्तीत दुरुस्त केलेली चूक दुसरीत तशीच राहते.

सर्वांत आधी लिपी तपासा. पीडीएफमधला एखादा परिच्छेद उचलून साध्या मजकुराच्या खिडकीत चिकटवा. अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे उमटली तर पुस्तक जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेतांक देणारी पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये जुळवलेले आहे. ते छापील पानावर सुंदर दिसते, पण स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यातला एक शब्दही वाचता येत नाही. परिवर्तक (फाँट बदलून देणारे सॉफ्टवेअर) वापरून ते युनिकोडमध्ये आणता येते, तरी देवनागरीत एक खोड हमखास राहते. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी, टंकलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. परिवर्तक जोडाक्षरापाशी चुकतो आणि 'स्थिती', 'शक्तिमान', 'परिस्थिती' यांसारख्या शब्दांत वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. रफार, क्ष, ज्ञ, श्र आणि वेलांटीची जोडाक्षरे असलेल्या शब्दांची एक यादी करा आणि परिवर्तनानंतर ती शोधून डोळ्यांखालून घाला. पुढे ब्रेलमध्ये ही चूक आणखी महागात पडते. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, पाय मोडलेल्या अक्षराची खूण, म्हणजे सहा ठिपक्यांपैकी चौथा ठिपका, त्या अक्षराच्या आधी येते आणि वेलांटी मात्र उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर. मूळ क्रम बिघडलेला असेल तर बोटाखाली निरर्थक शब्द येतो, आणि मुलाला वाटते की चूक आपल्याच वाचण्यात आहे.

मग शीर्षके. अक्षर ठळक आणि मोठे केले म्हणजे शीर्षक होत नाही. ते शीर्षकाच्या शैलीत बसवावे लागते. स्क्रीन रीडर वापरणारा विद्यार्थी एका कळीने शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारतो, जसा डोळस विद्यार्थी पाने चाळतो. शैली नसेल तर त्याला ४० पानांचा धडा सुरुवातीपासून ऐकत बसावे लागते.

वाचनक्रम ही पाठ्यपुस्तकांची जुनी दुखरी जागा. दोन स्तंभांच्या पानावर मध्येच 'माहीत आहे का?' अशी रंगीत चौकट असते. डोळा ती वगळून पुढे जातो, यंत्र मात्र वाक्य अर्धवट तोडून चौकट वाचते आणि परत येते. फाइलीत प्रत्येक चौकट परिच्छेद संपल्यावर ठेवा, पानावर ती कुठेही मांडा.

'वरील निळ्या भागाचे क्षेत्रफळ काढा', 'उजवीकडील चौकटीतील शब्द वापरा' अशी वाक्ये शोधून काढा. जागा किंवा रंग हीच ओळख असेल तर न दिसणारा आणि रंगांध असे दोघेही अडतात. चौकटीला क्रमांक द्या, भागाला अक्षर द्या, आलेखातल्या रेषांना रंगाबरोबर वेगळा नमुना द्या: एक सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची. लाल-हिरव्यातला फरक न कळणे मुलांमध्ये मुलींपेक्षा बरेच जास्त आढळते, कारण त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. अशा मुलांना आपण वेगळे पाहतो हे बहुधा ठाऊकही नसते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) निदान ४.५ : १ ठेवा, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो. हे प्रमाण वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतले आहे आणि ते मोजून देणारी साधने फुकट मिळतात.

गणिताची सूत्रे चित्र म्हणून चिकटवू नका. ती मॅथएमएलमध्ये (सूत्रे मजकूर म्हणून नोंदवण्याची संगणकीय पद्धत) असली की वाचली जातात, मोठी करता येतात आणि ब्रेलमध्येही उतरतात. तक्त्यांत पहिली ओळ शीर्षओळ म्हणून नोंदवा आणि एकत्र केलेले कप्पे टाळा. रिकामा कप्पा ठेवू नका, 'नाही' किंवा 'माहिती नाही' असे लिहा, नाहीतर ऐकणाऱ्याला कप्पा निसटला की रिकामाच आहे ते कळत नाही.

एक आकृती, जवळून

जलचक्राचे चित्र जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात असते. समुद्र, सूर्य, ढग, डोंगर, नदी, झाडे, दोन घरे, एक होडी आणि सहा-सात बाण. याचे पर्यायी वर्णन, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यासाठी शब्दांत लिहिलेले वर्णन, बहुतेकदा 'जलचक्र दर्शवणारी रंगीत आकृती' असे लिहिलेले सापडते. त्यातून काहीच कळत नाही. वर्णन असे हवे: 'डावीकडे तळाशी समुद्र. सूर्याच्या उष्णतेने समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ती वर जाते. उंचावरच्या गार हवेत वाफेचे सूक्ष्म थेंब होऊन ढग बनतात. ढग उजवीकडे डोंगरावर सरकतात, तिथे पाऊस पडतो. पाणी नदीतून परत समुद्राला मिळते. काही पाणी जमिनीत मुरते आणि भूजल होऊन हळूहळू समुद्राकडे जाते.' होडी आणि घरे वर्णनात नकोत, कारण धड्याला त्यांची गरज नाही.

हेच चित्र परीक्षेत आले आणि प्रश्न असेल 'बाण अ कोणती क्रिया दाखवतो?', तर वर्णनात 'बाष्पीभवन' किंवा 'वाफ' हा शब्द येता कामा नये. 'समुद्राच्या पृष्ठभागापासून वर ढगाकडे जाणारा बाण अ' एवढेच. पुस्तकातले वर्णन तसेच उचलून प्रश्नपत्रिकेत टाकल्याने उत्तर फुटल्याचे प्रकार होतात. मग घाबरून वर्णनच काढून टाकतात आणि प्रश्न सुटण्याजोगा राहत नाही. वर्णन लिहिणाऱ्याला प्रश्न आणि त्याचे अपेक्षित उत्तर दोन्ही द्या.

आता स्पर्शाकृती. छापील चित्राच्या रेषा उठावदार केल्या म्हणजे स्पर्शाकृती झाली, हा समज सोडा. बोट एकावेळी एकच तुकडा वाचते, सगळे चित्र एका झटक्यात दिसत नाही. प्रथम झाडे, घरे, होडी, सूर्याचे किरण काढून टाका. उरलेल्या गोष्टींना पोत द्या: समुद्राला नागमोडी रेषा, डोंगराला जाड सलग कड, वर जाणाऱ्या वाफेला ठिपक्यांची रेषा, पावसाला सलग रेषा. एका कागदावर चार-पाच पोतांपेक्षा जास्त झाले की बोटाला फरक कळेनासा होतो. दोन रेषांत निदान ३ मिलिमीटर मोकळी जागा सोडा, त्याहून जवळ आल्या तर त्या एकच जाड रेषा वाटतात. नावे आकृतीत पूर्ण लिहिली तर रेषांशी गुंततात, म्हणून 'अ', 'ब', 'क' ठेवा आणि सूची वेगळ्या पानावर द्या. भूजलाचा भाग गर्दी करत असेल तर त्याची दुसरी आकृती करा. आकृतीआधी एक वाक्य हवेच: 'कागद आडवा धरा, डाव्या खालच्या कोपऱ्यात समुद्र आहे, तिथून वर जा.'

तपासणीसाठी डोळस माणसाने डोळे मिटून हात फिरवणे ही चाचणी नव्हे. त्याच्या मनात मूळ चित्र असते आणि बोट चुकले तरी मन भरून काढते. हे चित्र कधीच न पाहिलेल्या अंध वाचकाला द्या, शीर्षक सांगू नका आणि तो कुठे थबकतो ते लिहून घ्या.

ब्रेल आणि मोठी अक्षरे

ब्रेलच्या नेहमीच्या पूर्ण आकाराच्या पानावर साधारण ४० खणांच्या (एक खण म्हणजे सहा ठिपक्यांची एक जागा) २५ ओळी मावतात, म्हणजे फार तर १००० खण. छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पाने सहज होतात आणि एका पाठ्यपुस्तकाचे अनेक खंड निघतात. यातून दोन अडचणी येतात. शिक्षक म्हणतात 'पान ४२ उघडा' आणि ब्रेल पुस्तकात ४२व्या पानावर पहिलाच धडा चाललेला असतो. म्हणून प्रत्येक ब्रेल पानावर छापील पानाचाही क्रमांक हवा. दुसरे, खंड धड्यांच्या अनुक्रमाने छापले जातात, पण अनेक शाळा धडे वेगळ्या क्रमाने घेतात. खंडांचा क्रम वर्षाच्या नियोजनाशी जुळवा, नाहीतर तिसरा खंड हवा असतो तेव्हा हातात पहिला असतो.

गणितासाठी कोणती ब्रेल संकेतपद्धती हे देशपातळीवर एकदा ठरवा. वर्गात एक आणि प्रश्नपत्रिकेत दुसरी असेल तर तयारी असलेले मूलही अनुत्तीर्ण होते.

मोठ्या अक्षरांसाठी १८ पॉइंट हा सुरुवातीचा आकार. ए-४ पान ए-३ वर झेरॉक्स करणे हा उपाय म्हणून ठिकठिकाणी चालतो. हिशेब करून पाहा: आकार होतो मूळच्या १४१ टक्के, १२ पॉइंटचे अक्षर जेमतेम १७ पॉइंटचे होते. कागद मात्र बाकावर मावत नाही, करड्या छटा काळवंडतात आणि शिरोरेषा मात्रांत मिसळते. मूळ फाइलीतून नव्याने पाने जुळवणे हाच खरा मार्ग. अक्षर साधे, डावीकडे सरळ, उजवीकडे मोकळे, ओळींत दीडपट अंतर. देवनागरीत हे अंतर इंग्रजीपेक्षा सढळ हवे, कारण वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार दोन्ही बाजूंना जागा खातात. ही मांडणी वाचन अक्षमता असलेल्या मुलांनाही सोपी जाते.

ज्यांना ऐकू येत नाही

चित्रफितीला लेखी शब्द द्या: एकावेळी दोनच ओळी, बोलणारा कोण ते स्पष्ट, आणि 'काच फुटल्याचा आवाज' यांसारखे अर्थपूर्ण आवाजही. यंत्राने आपोआप दिलेले शब्द पारिभाषिक संज्ञांपाशी हमखास चुकतात, ते माणसाने तपासल्याशिवाय सोडू नका. मात्र ज्या मुलाची पहिली भाषा चिन्हभाषा आहे त्याला लेखी शब्द पुरत नाहीत. चिन्हभाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ती बोलीभाषेचे हातांनी केलेले लिप्यंतर नव्हे. प्रत्येक विषयातल्या नव्या संज्ञांसाठी कोणती खूण वापरायची हे सत्र सुरू होण्याआधी ठरवून त्याच्या छोट्या चित्रफिती शाळांना द्या. अन्यथा एकाच शाळेत दोन दुभाषी 'प्रकाशसंश्लेषणा'ला दोन खुणा करतात.

विज्ञानाच्या तासाला एक चूक वारंवार होते. शिक्षक प्रयोग करता करता बोलतात. मूल दुभाषाकडे पाहते तेव्हा परीक्षानळीतला रंग बदलून गेलेला असतो. शिक्षक-हस्तपुस्तिकेत प्रत्येक प्रयोगाच्या पायऱ्यांत 'थांबा, आता पाहू द्या' अशी जागा छापूनच द्या. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी अंतर महत्त्वाचे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो आणि वर्गातला प्रतिध्वनी उरलेलाही गढूळ करतो. शिक्षक एक-दोन मीटरच्या आत असावा, किंवा त्याच्या गळ्यात यंत्राशी जोडलेला मायक्रोफोन असावा.

अपूर्णांकांचा एक तास

'भिन्न छेद असलेल्या अपूर्णांकांची तुलना करतो' ही निष्पत्ती घेऊ. उदाहरण: तीन पंचमांश मोठे की दोन तृतीयांश?

पुस्तकात गोल पोळीसारखी वर्तुळे असतात. स्पर्शाला वर्तुळाचे तुकडे अवघड, कारण क्षेत्रफळाची तुलना बोटांना नीट जमत नाही. लांबीची जमते. जाड पुठ्ठ्याच्या ३० सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर दर ६ सेंटिमीटरला खाच पाडा, म्हणजे पाच भाग. दुसरीवर दर १० सेंटिमीटरला, म्हणजे तीन भाग. पट्ट्या डाव्या टोकाला पक्क्या अडकवा. तीन पंचमांश १८ सेंटिमीटरवर येतात, दोन तृतीयांश २० वर. दोन सेंटिमीटरचा फरक बोटाला लगेच लागतो. पुढे प्रत्येक पट्टीवर २ सेंटिमीटरच्या बारीक खुणा केल्या की पंधरा समान भाग मिळतात आणि नऊ पंधरांश व दहा पंधरांश मोजता येतात. समच्छेद करण्याची गरज का पडते, हे इथे हाताला कळते. या पट्ट्या डोळस मुलांनाही वर्तुळापेक्षा जास्त शिकवतात, त्यामुळे त्या सगळ्या वर्गाला द्या.

हातांच्या हालचालींवर ताबा नसलेल्या मुलासाठी पट्टीखाली चुंबक लावा आणि पत्र्याच्या पाटीवर ठेवा, सरकली तरी पडणार नाही. तेही जमत नसेल तर मुलाने 'थांब' म्हणावे किंवा डोळ्यांनी खूण करावी आणि सोबत्याने पट्टी सरकवावी. अंकगणित अक्षमता असलेल्या मुलाला पाढ्यांचा तक्ता द्या. इथे गाभा तुलनेचा आहे, पाठांतराचा नाही. सूचना एकेक करून द्या, तीन सूचना एका वाक्यात गुंफू नका.

शब्दांकडेही पाहा. 'छेद' म्हणजे कापणे हे मुलाला माहीत असते, इथे तो खालची संख्या होतो. 'अंश' कोनाच्या धड्यात वेगळ्या अर्थाने भेटतो. बहिऱ्या मुलांना आणि घरी वेगळी भाषा बोलणाऱ्यांना हे शब्द फसवतात. धड्याच्या सुरुवातीला अशा चार-पाच शब्दांची चित्रासह चौकट द्या.

निष्पत्तीतच बदल हवा असलेल्या मुलासाठी त्याच पट्ट्या ठेवा, पण काम अर्धा आणि पाव यांची तुलना एवढे. दोन्हींचा 'पूर्ण', म्हणजे अख्खी पट्टी, एकसारखाच हवा, ही कल्पना त्याने पक्की करावी. मोठ्या पट्टीचा पाव आणि लहान पट्टीचा अर्धा समोर ठेवून ती तपासा. हे मूल वर्गाबरोबर त्याच विषयावर, त्याच साहित्याने काम करते. कोपऱ्यात बसून रंग भरत नाही.

परीक्षा

वर्गात मिळालेली सोय परीक्षेत नाकारणे, किंवा वर्गात कधीच न दिलेली सोय परीक्षेत अचानक देणे, दोन्ही चुकीचे. लेखनिक पहिल्यांदाच परीक्षेच्या दिवशी भेटला तर मुलाचा अर्धा वेळ त्याला ओळ कुठे मोडायची हे सांगण्यात जातो. आधी निदान तीन पूर्ण सराव पेपर त्याच जोडीने झाले पाहिजेत. लेखनिकाने सांगितले तेवढेच लिहावे. शुद्धलेखन गाभा असलेल्या भाषेच्या पेपरात अवघड शब्द मुलाने अक्षरवार सांगावेत, असा नियम आधी जाहीर करा. गणितासाठी चिन्हे ओळखणारा लेखनिक हवा, पण त्या विषयाचा शिक्षक नको. वाचनिकाने बहुपर्यायी उत्तरे एकाच सुरात वाचावीत, बरोबर पर्यायावर नकळत जोर येतो.

जादा वेळ हे सगळ्यांवरचे औषध नाही. तीन तासांचा पेपर साडेचार तासांचा केला की स्नायूंच्या ताठरपणाने त्रस्त असलेले मूल शेवटच्या तासात गळून जाते. अशांना घड्याळ थांबवून विश्रांती द्या, किंवा तीच निष्पत्ती कमी प्रश्नांत तपासा. दहा सारख्या उदाहरणांनी जे कळते ते चारांनीही कळते. स्वमग्न मुलांसाठी खोली, आसन आणि क्रम आधी दाखवून ठेवा, आणि 'तुम्हाला काय वाटते ते लिहा' यांसारखे मोघम प्रश्न नेमके करा: 'या निर्णयाची दोन कारणे लिहा.'

वेळापत्रक आणि चाचणी

सर्व रूपांतली पुस्तके शाळेच्या पहिल्या दिवशी हाती हवीत, तर उलटे मोजत या. ब्रेल आणि स्पर्शाकृतींना सर्वांत जास्त वेळ लागतो. पूर्ण पुस्तकाची वाट न पाहता एकेक पाठ अंतिम होईल तसा युनिकोड फाइलीसह निर्मिती केंद्राकडे द्या. अंतिम म्हटलेल्या पाठात पुन्हा बदल झाला तर आवृत्ती क्रमांक आणि पान लिहून बदलपत्र पाठवा, नवी फाइल गुपचूप पाठवू नका. स्वामित्व हक्कासाठी २०१३ सालचा मराकेश करार उपयोगी पडतो. त्यात सामील झालेल्या देशांत अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी सुलभ प्रती करता येतात आणि देशांमध्ये त्यांची देवाणघेवाणही करता येते. बहिऱ्या मुलांसाठीच्या चित्रफिती मात्र त्यात येत नाहीत, त्यांची परवानगी लेखक-प्रकाशकांशी होणाऱ्या मूळ करारातच लिहून घ्या.

छपाईआधी दोन पाठ निवडा, एक मजकुराने भरलेला, एक आकृत्यांचा. वेगवेगळे अडथळे असलेल्या सहा-आठ मुलांना ते नेहमीच्या वर्गात वापरू द्या. 'आवडले का?' असे विचारू नका, मुले मोठ्यांना हो म्हणतात. बोट कुठे अडले, कोणता प्रश्न दोनदा वाचावा लागला, कुठे शेजाऱ्याला विचारले, एका पानाला किती मिनिटे लागली, एवढे टिपा. दुरुस्त्या मूळ फाइलीत करा आणि तिथूनच सगळी रूपे पुन्हा काढा. पुस्तक शाळांत गेल्यावर निघालेले शुद्धिपत्र ब्रेल, ध्वनी आणि मोठ्या अक्षरांच्या वाचकांनाही त्याच दिवशी पाठवा, त्यांच्या रूपात आणि त्यांच्या पानक्रमांकासह.